बाण कोणाकडे? यवतमाळच्या वावरातली अन्नसाखळी

इयत्ता कोणतीही असो, फळ्यावरची अन्नसाखळी ठरलेली असते : गवत, नाकतोडा, बेडूक, साप, ससाणा. पाच नावं, चार बाण आणि घटक चाचणीत दोन गुण. नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’च्या पुस्तकात ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ हा पाठ आहे. त्यात साखळीवरून पुढे अन्नजाळं, पोषण पातळ्या, ऊर्जेचा मनोरा, चार्ल्स एल्टन, लिंडमन असं सगळं येतं. मुलं ते पाठही करतात. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत त्याच मुलांना विचारून पाहा, ‘पऱ्हाटीवर मावा आला, आता त्याच्यामागून कोण येईल?’ बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल : फवारणी.

हे उत्तर खोटं नाही, हीच तर अडचण आहे. इथल्या मुलाला कीटकनाशकांची नावं आधी कळतात, माव्याला खाणाऱ्या ढालकिड्याचं नंतर, किंवा कधीच नाही. २०१७ च्या हंगामात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं दगावली. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं उभ्या पिकाची बोंडं आतून पोखरली. कारणं एक नव्हती. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवेत दमट उकाडा, एकाच टाकीत दोन-तीन औषधं कालवलेली, तोंडाला फार तर दुपट्टा. पण या सगळ्याच्या मुळाशी जो प्रश्न होता तो सहावीतलाच होता : वावरात कोण कोणाला खातं?

मुलांच्या डोक्यात या प्रश्नाभोवती जे गैरसमज असतात, ते जगभरातल्या विज्ञान शिक्षकांना सापडले आहेत. यवतमाळात त्यांना इथलं रूप येतं, आणि त्यांची किंमतही इथली असते.

गैरसमज : बाण खाणाऱ्याकडून खाल्ल्या जाणाऱ्याकडे जातो.

वस्तुस्थिती : बाण नेमका उलट जातो. मावा → ढालकिडा. मुलांना तो शिकाऱ्यानं सोडलेला बाण वाटतो, म्हणून ती वाघाकडून चितळाकडे काढतात. खरं तर तो अन्न कुठून निघालं आणि कुठं पोचलं ते दाखवतो. व्याख्या लिहून देण्यापेक्षा एक महिनाभर बाणाऐवजी शब्द लिहायला लावावेत : ‘मावा गेला ढालकिड्याच्या पोटात, ढालकिडा गेला कोतवालाच्या पोटात’. नंतर शब्द काढून बाण ठेवला की तो सहसा चुकत नाही. या एका बाणावर पुढचा सगळा पाठ उभा आहे, कारण दिशा उलटी धरली तर ऊर्जा वाघाकडून गवताकडे वाहते असं काहीतरी होऊन बसतं आणि मनोरा डोक्यावर उभा राहतो.

गैरसमज : पीक माती खातं. खत हे त्याचं जेवण.

वस्तुस्थिती : हा गैरसमज काढणं सगळ्यांत कठीण, कारण घरची सगळी भाषाच त्याच्या बाजूनं असते. पिकाला ‘डोस’ दिला, ‘खाऊ’ घातला, युरिया ‘पाजला’. मग हिरवी वनस्पती स्वतःचं अन्न स्वतः तयार करते हे वाक्य मूल लिहितं, मानत नाही.

फ्लँडर्सच्या व्हान हेल्मोंटचा प्रयोग इथं उपयोगी पडतो. त्यानं कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती मोजून घेतली, विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७६ किलोंच्या आसपास भरलं, माती जेमतेम ५७ ग्रॅम कमी झाली. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापलं गेलं. झाड पाण्याचंच बनतं, असा निष्कर्ष त्यानं काढला होता. तो अर्धवट होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याच्या लक्षात आला नव्हता.

पण यवतमाळच्या मुलासाठी विलो कशाला? त्याच्या घरात कापूस आहे. जिनिंगमध्ये कापसाचे दोन भाग होतात, रुई आणि सरकी. रुई जवळजवळ सगळी सेल्युलोज असते, म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हे तिन्ही हवेतून आणि पाण्यातून आलेले, उन्हानं जोडलेले. रुईची गाठ जिल्ह्याबाहेर गेली, तर मातीतलं फारसं काही गेलेलं नसतं. मातीतला नत्र, स्फुरद, पालाश गेला तो सरकीत, पानात आणि धुऱ्यावर पेटवलेल्या पऱ्हाटीत. युरियातून झाडाला नत्र मिळतो. त्यातून ते प्रथिनं, हरितद्रव्य घडवतं. ऊर्जा मात्र त्याला उन्हातूनच घ्यावी लागते. उलट नत्र जास्त झाला तर पानं लुसलुशीत होतात आणि तुडतुडे, पांढरी माशी यांना मेजवानी मिळते. खताची जास्तीची गोणी अशी थेट शत्रूकिडीच्या साखळीत जाते.

तुरीचं किंवा सोयाबीनचं रोप मुळासकट हलकेच उपटून मुलांना गाठी दाखवाव्यात. ताजी गाठ कापली तर आतून गुलाबी दिसते. तिच्यातले जिवाणू झाडाला नत्र देतात आणि झाड त्यांना साखर देतं. मातीखाली चालणारी ही देवाणघेवाण आपल्या आकृत्यांत क्वचितच येते.

गैरसमज : वनस्पती म्हणजे उत्पादक.

वस्तुस्थिती : सोयाबीनच्या वावरात पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं दिसतं, ती अमरवेल. तिला पानं नाहीत, हिरवेपणा नावापुरता, आणि उगवल्यावर थोड्याच दिवसांत मुळाचाही संबंध तुटतो. ती सोयाबीनच्या खोडात शोषक खुपसून त्याचा रस पिते. वनस्पती असूनही ती भक्षकांच्याच बाजूची. आंब्यावरचं, मोहावरचं बांडगूळ यापेक्षा निराळं. त्याला हिरवी पानं असतात, अन्न ते स्वतः तयार करतं, फक्त पाणी आणि क्षार झाडाकडून उचलतं. दोन्ही शेजारी ठेवून विचारावं, यांना कोणत्या पोषण पातळीवर बसवायचं? वर्गात भांडण लागलं तर लागू द्यावं. एल्टनच्या मनोऱ्यात या दोघांना सरळ जागा नाही, हे मुलांना स्वतःहून सापडलं पाहिजे.

गैरसमज : वावरातला प्रत्येक किडा म्हणजे कीड.

वस्तुस्थिती : इथं थोडं थांबायला हवं.

ऑगस्टमध्ये कपाशीला पात्या धरायला लागतात. त्या सुमाराला पानं उलटून पाहिली तर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांपैकी काहीतरी असतंच. हे सगळे रस शोषणारे. बीटी कपाशीतलं विष अळ्यांसाठी आहे, रस शोषणाऱ्यांवर त्याचा परिणाम नाही. याच पानावर आणखी काही मंडळी असतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा बहुतेकांना ओळखू येतो आणि तो गोड दिसत असल्यानं वाचतो. त्याची अळी मात्र काळपट, काटेरी, मगरीसारखी लांबोडकी, अंगावर नारिंगी ठिपके. दिसायला ती इतकी ओंगळ की ‘नवीन कीड आली’ म्हणून तिच्यावरच फवारा मारला जातो. एक अळी कोशात जाईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते.

क्रायसोपा या मित्रकिडीची अंडी पाहणं ही तर मुलांसाठी पर्वणी. पानावर केसासारखा बारीक उभा देठ आणि त्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान पांढरट अंडं. असे देठ ओळीनं उभे असतात. पहिल्यांदा बाहेर पडलेल्या अळीनं शेजारची अंडी खाऊ नयेत म्हणून आईनं केलेली ही व्यवस्था. खाणाऱ्यांचं भय आपल्याच भावंडांकडूनही असतं, हे पाठ्यपुस्तकातल्या सरळ रेषेत कुठं बसवणार?

मग त्यांना तपकिरी, फुगलेला, न हलणारा मावा शोधायला लावावा. हिरव्या माव्यांच्या गर्दीत तो वेगळा दिसतो. त्याच्या पोटात एका सूक्ष्म गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं किंवा पाठीला गोल भोक पाडून ते निघून गेलेलं असतं. त्याच फांदीवर मुंग्या माव्याला गोंजारताना दिसतील. त्यांना माव्याचा गोड स्राव हवा असतो, म्हणून ढालकिडा आला की त्या अंगावर धावून जातात. म्हणजे मुंगी माव्याला खात नाही, त्याला राखते. एका पानावर भक्षक, परजीवी, सहजीवी सगळे हजर. फळ्यावरच्या ससाण्याच्या साखळीत यांतले सगळे मावत नाहीत.

आता फवारणी. एकाच वेळी सगळं मारणारं औषध मारलं की मावाही मरतो आणि ढालकिडाही. फरक पुढच्या पंधरवड्यात दिसतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि त्यांची पिढी काही दिवसांत तयार होते. ढालकिड्याची पिढी हळू वाढते, आणि त्याला वाढायला आधी मावा हवा. त्यामुळे खाणाऱ्यांपेक्षा खाल्ले जाणारे आधी परततात आणि काही काळ त्यांना अडवणारं कुणीच नसतं. मग दुसरी फवारणी, तिसरी, चौथी. भारतात १९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांच्या अतिवापरानंतर कपाशीवर पांढऱ्या माशीचा उद्रेक झाला, त्याचं एक मोठं कारण हेच होतं. मुलांना हे आलेखावर काढता येतं : दोन रेषा, एक भरभर वर येणारी, एक मागं राहणारी. गणिताच्या तासालाही चालेल.

याचा अर्थ फवारणी कधीच करू नये असा नाही. घरी कपाशीवर पोट असलेल्या मुलाला शाळेत असं शिकवलं तर ते शिक्षकावरचा विश्वास गमावेल, आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून कीड किती झाली की खर्च करणं परवडतं, ही मोजणी शिकवावी. गुलाबी बोंडअळीसाठी कृषी विद्यापीठांची सूचना ठरलेली आहे : कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस दररोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग अडकले, तर उपाय करायचा. सापळ्यातले पतंग मोजायला सातवीतलं मूल पुरतं.

आणि सगळे ढालकिडे मित्र असतात असंही समजू नये. वांग्याच्या पानाची जाळी करणारा हड्डा बीटल याच कुळातला, अठ्ठावीस ठिपक्यांचा, पूर्ण शाकाहारी. सुंदर दिसणं आणि मित्र असणं यांचा संबंध नाही, हे शिकवण्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

गैरसमज : अन्नसाखळी सरळ असते. एक प्राणी, एक अन्न.

वस्तुस्थिती : एकच अळी कपाशीवर असली की तिला हिरवी बोंडअळी म्हणतात, हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. नावं तीन, किडा एकच. तो खरिपातून रब्बीत, एका पिकावरून दुसऱ्यावर सरकत राहतो. या अळीला कोतवाल, साळुंक्या, बगळे वेचतात, म्हणून वावरात पक्षिथांबे उभारतात किंवा कपाशीत मधूनमधून ज्वारी टाकतात. विषाणूनं ग्रासलेली अळी तर फांदीला उलटी लटकून मरते.

गुलाबी बोंडअळीचं तसं नाही. तिचं मुख्य अन्न कपाशी. अंड्यातून निघाली की ती थोड्याच वेळात कळीत किंवा बोंडात शिरते. मागचं छिद्र बुजून जातं. आत बसलेल्या अळीपर्यंत ना पक्षी पोचतो ना औषध. तिला गाठायचं तर अंड्यातच गाठायला हवं आणि ते काम ट्रायकोग्रामा नावाची, डोळ्याला जेमतेम दिसणारी गांधीलमाशी करते. ट्रायकोकार्ड पानाला टाचायचं ते यासाठी. कार्ड लावल्यावर तीन दिवसांनी फवारा मारला तर कार्डाचे पैसे गेले.

गैरसमज : अन्नसाखळी कधीही तोडू नये.

वस्तुस्थिती : शाळेतली पर्यावरणाची पोस्टरं हेच सांगतात. शेती मात्र मुळातच साखळ्या तोडण्याचा आणि जोडण्याचा धंदा आहे. प्रश्न कोणती कडी तोडायची एवढाच.

गुलाबी बोंडअळी कपाशीवाचून फार काळ जगू शकत नाही. ती सुप्तावस्थेत सरकीत, वाळल्या बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात पडून राहते. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेतली की तिला मधल्या उपाशी महिन्यांतही ताट वाढून मिळतं. फरदड न घेता पऱ्हाटी वेळेत उपटली, जिनिंगच्या आवारात सापळे लावले, हंगामात अळी शिरलेल्या डोमकळ्या तोडून नष्ट केल्या, तर साखळी तिथंच तुटते. औषधाचा एक थेंब न वापरता.

बीटी वाणाचं अपयशसुद्धा अन्नसाखळीच्याच भाषेत समजावता येतं. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी पाकीट मिळायचं. ते कडेनं लावायचं होतं, म्हणजे काही अळ्यांना विष नसलेलं अन्न मिळावं, त्या जगाव्यात, आणि विष पचवायला शिकलेल्या मोजक्या अळ्यांशी त्यांचे पतंग जुळावेत. शत्रूसाठी मुद्दाम वाढलेलं हे पान होतं. बहुतेकांनी ते पाकीट धुऱ्यावर फेकलं. ‘किडीला कशाला पोसायचं?’ हा त्यांचा प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर त्यांना कुणी नीट दिलं नव्हतं. २०१७ पर्यंत अळी दोन्ही विषांना सरावली होती. ते पाकीट कशासाठी, हे शाळेतल्या मुलाला कळलं असतं तर त्यानं घरी सांगितलं असतं, असं मानायला हरकत नाही.

गैरसमज : वरच्या पातळीवरचा प्राणी सगळ्यांत बलवान, म्हणून त्याच्याकडे ऊर्जा सगळ्यांत जास्त. आणि तो गेला की खालचे सुखी.

वस्तुस्थिती : रेमंड लिंडमननं १९४२ साली मांडलं ते असं : एका पातळीवरची बरीचशी ऊर्जा जगण्यातच, उष्णतेच्या रूपानं, खर्च होते आणि सरासरी दहाव्या हिश्शाच्या आसपास पुढच्या पातळीला मिळते. हा आकडा कमी-जास्त होतो, दगडावरची रेघ नाही. मुलांना तो ज्वारीनं दाखवावा. हजार दाणे मोजून मांडावेत, पुढच्या पातळीला शंभर सरकवावेत, मग दहा, मग एक. वाघाच्या पुढ्यात एक दाणा उरतो. त्यानंतर ‘वाघ इतके थोडे का?’ हा प्रश्न विचारावा लागत नाही.

पांढरकवडा-घाटंजीकडचं टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं लागतात, आणि तेवढी मारूनही कळप टिकायचा तर त्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपास जनावरं असावी लागतात. हे गणित मांडलं की टिपेश्वरचे तरुण वाघ बाहेर का पडतात ते कळतं. २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावलेला तिथला एक नर त्या वर्षीच्या जूनमध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातल्या शेतांतून, रस्त्यांवरून, मुख्यतः रात्री चालत शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. डिसेंबरपर्यंत त्याची चाल तेराशे किलोमीटरच्या आसपास भरली होती. ‘वॉकर’ या नावानं तो गाजला. त्याचा मार्ग नकाशावर काढून भूगोलाच्या तासाला लावता येतो.

याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट कठीण आहे, पण टाळू नये. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी जोडली गेलेली ‘टी-१’ म्हणजे अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ गोळी घालून मारली गेली. तिचे दोन बछडे होते. वर्गात अशी मुलं असू शकतात ज्यांच्या गावात त्या काळात संध्याकाळनंतर कुणी वावरात जात नव्हतं. तिला ‘दुष्ट’ म्हणणं जितकं चुकीचं, तितकंच शहरातल्या मेणबत्त्यांच्या भाषेत ‘निष्पाप’ म्हणणंही या मुलांपुढं चुकीचं. ती अभयारण्याबाहेर होती, झुडपी जंगल आणि शेतशिवार यांची सरमिसळ असलेल्या भागात. तिथं ढोरं चरतात आणि त्यांच्यामागं गुराखी असतो. अशा भागाचं अन्नजाळं मुलांनी काढलं तर त्यात ढोरं, रानडुकरं, रोही, वाघ आणि माणूस एकाच कागदावर येतात. माणूस कागदाबाहेर उभा राहून बाण काढणारा नसतो.

वाघ गेला की रोही-डुकरं माजतील, हे ढोबळपणे खरं. पण वाघ आला की ती शेतात येणारच नाहीत, हा नवा गैरसमज आता काही पर्यावरणप्रेमी पसरवत आहेत. रानडुकराला वर्षाला पिल्लांचा मोठा वेत होतो, आणि वावरातलं पीक रानातल्या गवतापेक्षा चविष्ट असतं. यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे परत आणले आणि नद्यांनी आपले प्रवाह बदलले, असा एक देखणा व्हिडिओ अनेक वर्गांत दाखवतात. त्या गोष्टीच्या सरळपणावर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे. दाखवायचा असेल तर हेही सांगून दाखवावा.

गैरसमज : साप दूध पितो, घुबड अपशकुनी, धामण ढोरांचं दूध शोषते.

वस्तुस्थिती : साप दूध पीत नाही. ढोराच्या सडाला चिकटण्यासारखी धामणीच्या तोंडाची रचनाच नाही. ती आणि गव्हाणी घुबड उंदीर खातात. बिनविषारी धामण मारली की उंदरांचा खर्च आपल्यावर पडतो. एवढं पुरे.

गैरसमज : विघटक साखळीच्या शेवटी येतात.

वस्तुस्थिती : ते शेवटी येत नाहीत, प्रत्येक पातळीवर येतात. पान गळलं, नाकतोडा मेला, वाघानं सांडलं, सगळीकडे त्यांचं काम सुरू असतं. सागाच्या जंगलात उन्हाळ्यात घोट्यापर्यंत पाचोळा साचतो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातला बराचसा नाहीसा होतो. ते काम बुरशीचं, जिवाणूंचं, गांडुळाचं आणि वाळवीचं. आपण ज्याला मुंग्यांचं वारूळ म्हणतो ते बहुधा वाळवीनं बांधलेलं असतं. तिच्या काही जातींना लाकूड धड पचत नाही. त्या आत बुरशीची बाग लावतात आणि पाऊस पडल्यावर त्याच बुरशीच्या छत्र्या वारुळावर उगवतात. विदर्भात लोक त्या आवडीनं शिजवून खातात. म्हणजे वाळवी शेतकरी झाली आणि आपण तिच्या वावरातलं पीक चोरलं. खाण्याआधी जाणत्याला दाखवायला मात्र हवंच, विषारी छत्र्याही तशाच दिसू शकतात.

गिधाड विघटक नाही, मृतभक्षक आहे. ते गेल्यावर काय होतं ते आपण पाहिलं आहे. ढोरांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफिनॅक मेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांत गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली हे औषध जनावरांसाठी बंद झालं. मेलेली ढोरं पडून राहू लागली, भटकी कुत्री वाढली, पाण्यात घाण मिसळली. एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख जास्तीचे मानवी मृत्यू झाले असावेत असा अंदाज मांडला आहे. गाईला दिलेल्या एका सुईपासून माणसाच्या मरणापर्यंतची ही साखळी दहावीतल्या मुलांनी स्वतः जोडून दाखवावी. तिला सात-आठ कड्या सहज भरतात.

शिक्षकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली जिवाची. मुलांना नेताना ज्याचं वावर आहे त्याला आधी विचारा, शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची. औषधाच्या डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल आणि फवारा ताजा असेल, तर त्या वावरात पाऊल टाकू नका, धुऱ्यावरची रानटी झाडंझुडपं आणि शाळेमागची भेंडीची चार झाडंसुद्धा पुरतात. मावा, तुडतुडे आणि ढालकिडे भेंडीवरही असतात. रिकामे डबे मुलांना उचलू देऊ नका.

दुसरी वेळेची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. अन्नसाखळीचा पाठ पुस्तकात कितव्या क्रमांकावर आहे ते विसरा आणि तो ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या. तेव्हा पऱ्हाटी मुलांच्या छातीएवढी असते, मावा पानाखाली असतो, आणि बहुतेक घरी पुढच्या फवारणीचा हिशेब चाललेला असतो.